हात कुठाय? प्रदेश काँग्रेसच्या नेत्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र (ऑगस्ट २०२५)

महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे आजी-माजी अध्यक्ष, विधिमंडळातले नेते, नव्या कार्यकारिणीतले सगळे पदाधिकारी, आणि दिल्लीत आपल्या शब्दाला वजन आहे असं ज्यांना ज्यांना वाटतं ते सगळे, यांस

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत झेरॉक्सचं दुकान चालवतो. लॅमिनेशन, स्पायरल, आधारच्या रंगीत प्रती, जूनमध्ये पोरांच्या वह्यांना कव्हरं. पक्षात माझं पद विचाराल तर काही नाही. निवडणूक आली की बूथवर बसणारा माणूस, एवढीच ओळख. १९९८ पासून बसतोय. १९९९ साली राष्ट्रवादी निघाली तेव्हा गल्लीतले निम्मे घड्याळाकडे गेले, मी हाताजवळ राहिलो. त्यामागं मोठी विचारधारा होती असं म्हटलं तर खोटं होईल. वडील राहिले, म्हणून मी राहिलो. विचार पुढं समजत गेला.

याआधी बंद पाकिटातून दोन पत्रं पाठवून झाली. कुणाला, ते लिहीत नाही, कारण मला एका माणसाची चुगली करायची नाही. उत्तर आलं नाही म्हणून हे पत्र उघडं. ज्यांनी हाताला मत दिलं त्यांनीही वाचावं, ज्यांनी दिलं नाही त्यांनीही.

झालं असं. गेल्या आठवड्यात महापालिकेच्या तयारीची बैठक आहे म्हणून निरोप आला. आमच्या महापालिकेवर नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक आहे. पाच वर्षं होत आली, गल्लीला नगरसेवक नाही. गटार तुंबलं की लोक माझ्या दुकानात येऊन अर्ज लिहून घेतात, तो कुणाच्या टेबलावर जातो देव जाणे. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा बरं वाटलं. मी वही-पेन्सिल घेऊन बैठकीला गेलो. बैठक दीड तास चालली. त्यातला पाऊण तास डिजिटल फलकावर कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली यात गेला. एक जण म्हणाला, आमच्या साहेबांचा फोटो टिकलीएवढा केलाय. दुसरा म्हणाला, तुमचे साहेब आता हायत कुठं? मग चहा आला. प्रभाग आता चार-चार जणांचे होणार, एका माणसाला चार गल्ल्या सोडून अख्खा भाग फिरावा लागणार, याद्या फोडल्या की नावं इकडची तिकडं होणार. यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माझी वही कोरी परत आली.

त्याच रात्री लिहायला बसलो. ज्या कागदावर हे लिहिलं, त्याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

माझ्या काउंटरखाली तीन गठ्ठे आहेत. तिन्ही २०२४ च्या विधानसभेची पत्रकं. पहिला गठ्ठा राजेश लाटकरांचा, चिन्ह हात. ऑक्टोबरच्या शेवटी कोल्हापूर उत्तरसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. माजी नगरसेवक, कार्यकर्त्यातला माणूस. आम्ही उत्साहानं पत्रक काढलं. दोन दिवसांत उमेदवारी बदलली. दुसरा गठ्ठा राजघराण्यातल्या मधुरिमाराजेंचा, चिन्ह हात. त्याही वेळी आम्ही म्हटलं, ठीक आहे, वरिष्ठांनी काहीतरी बघूनच केलं असेल. ४ नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत होती. मी दुकानातच होतो, गल्लीतल्या बायकांना वाटायला पत्रकांच्या पन्नास-पन्नासच्या चवड्या लावत होतो. तीन वाजायला काही मिनिटं असताना फोन आला. मधुरिमाराजेंनी अर्ज मागं घेतला. मी म्हटलं, चेष्टा करू नका. पाच मिनिटांनी पोरानं मोबाइल समोर धरला, तर कलेक्टर कचेरीच्या आवारातला व्हिडिओ. आमचे जिल्ह्याचे नेते बंटीसाहेब, म्हणजे सतेज पाटील, यांचा संताप सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. माझ्या हातात तेव्हा चौतिसावं पत्रक होतं, हे मला का आठवतं कुणास ठाऊक.

तिसरा गठ्ठा पुन्हा लाटकरांचा. चिन्ह प्रेशर कुकर. दहा दिवसांत एकाच मतदारसंघात तीन पत्रकं. छपाईच्या बिलातलं निम्मं अजून थकलंय. कुणाकडं, ते सोडा. या कागदांची मागची बाजू कोरी आहे. त्यावर मी गिऱ्हाइकांचे हिशेब लिहितो, आणि या पत्राचा कच्चा खर्डाही त्याच्यावरच लिहिला.

आता २० नोव्हेंबर. मतदानाचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास आमच्या गल्लीतली एक आज्जी मत देऊन बाहेर आली. वय ऐंशीच्या पुढं, नातवाचा हात धरलेला. मी दोनशे मीटरच्या बाहेर टेबल टाकून बसलेलो. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात कुठाय रं? मशीनवर हातच न्हाई."

म्हटलं, "आज्जी, परवा घरी येऊन सांगितलं की. औंदा कुकर."

तर म्हणाली, "कुकर म्या घरात बघते. मताला हात बघते."

मग कुणाला दिलंस, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या आज्जीनं आयुष्यात किती निवडणुकांना हात शोधला असेल ते तुम्हीच मोजा. शाहू महाराजांच्या शहरात, जिथनं अवघ्या पाच-सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच गादीचे वारस हातावर खासदार झाले, तिथं विधानसभेच्या मशीनवर काँग्रेसचा हात नव्हता. तरीही ऐंशी हजारांच्या घरात लोकांनी कुकर शोधून बटण दाबलं. ते लोक तुमचे होते. पराभव झाल्यावर त्यांच्याकडं एकदा तरी कुणी आलं का?

मधुरिमाराजेंनी माघार का घेतली ते त्यांना ठाऊक. राजघराण्याबद्दल या शहरात जो आदर आहे तो माझ्याही मनात आहे, त्याला या पत्रानं धक्का लागू नये. माझा प्रश्न तुम्हाला आहे. ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, एकाच्या नावावरनं दुसऱ्याच्या नावावर जाताना खालच्या कुणाला विचारलं होतं का? त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ च्या पोटनिवडणुकीत, याच मतदारसंघात जयश्री जाधव हातावर निवडून आल्या होत्या. तिकीट गेल्यावर त्या शिंदेसेनेत गेल्या. म्हणजे एका जागेसाठी आमदार गेली, उमेदवार गेला, दुसरी उमेदवार गेली आणि शेवटी चिन्हही गेलं. जिल्ह्यातल्या दहापैकी एकही जागा हाताला आली नाही.

हे फक्त कोल्हापुरात घडलं असतं तर मी गप्प बसलो असतो. आमच्या शेजारच्या सांगलीत बघा. लोकसभेला वसंतदादांच्या नातवासाठी सांगलीची जागा तुम्हाला मित्रपक्षाकडून सोडवून घेता आली नाही. विशाल पाटील लिफाफा घेऊन उभे राहिले आणि लाखाच्या फरकानं निवडून आले. त्यातनं काय शिकलो? विधानसभेला त्याच सांगलीत त्याच घराण्यातल्या जयश्री पाटलांनी पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध बंड केलं, जागा भाजपकडंच राहिली, आणि २०२५ च्या जूनमध्ये त्या भाजपमध्ये गेल्या. सांगलीत लिफाफा, कोल्हापुरात कुकर. आमच्या भागात हात शोधायला आता चष्मा लागतो.

आकडे तुम्हाला पाठ असतील, तरी वाचकांसाठी लिहितो. जून २०२४ ला राज्यात १७ जागा लढवून १३ खासदार आले. २०१९ ला एकच होता. सगळ्या पक्षांत पहिला नंबर. आम्ही बिंदू चौकात गुलाल घेतला. २३ नोव्हेंबरला शंभरावर जागा लढवून १६ आमदार. २०१४ ची मोदी लाट होती, तेव्हा ४२ होते. २०१९ ला सगळ्यांनी हाय खाल्ली होती, तेव्हा ४४ होते. आणि १६ कधी, तर जिंकायची हवा होती तेव्हा. बाळासाहेब थोरात १९८५ पासून संगमनेरमधनं सलग निवडून येत होते, ते पडले. माजी मुख्यमंत्री पृथ्वीराजबाबा चव्हाण कराड दक्षिणला पडले. यशोमतीताई ठाकूर तिवसाला पडल्या. खुद्द तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नानाभाऊ पटोले साकोलीत २०८ मतांनी वाचले. २०८ म्हणजे आमच्या पेठेतली दोन अपार्टमेंटं.

विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी २९ आमदार लागतात म्हणतात. तुमचे १६, ठाकरेंचे २०, पवारसाहेबांचे १०. खुर्ची रिकामी.

आणि या सगळ्याच्या आधी काय चाललं होतं? मतदान झालं होतं, मोजणी व्हायची होती, आणि टीव्हीवर भांडण होतं मुख्यमंत्री कुणाचा. आमच्या बूथच्या टेबलावरचं पाण्याचं जार अजून परत गेलं नव्हतं. त्याआधी जागावाटपात विदर्भाच्या जागांवरनं रोज सकाळ-संध्याकाळ तोंडसुख. त्याच्याही आधी, २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर जागेचा घोळ. थोरातसाहेबांचे मेहुणे सुधीर तांबे यांना तिकीट, त्यांनी अर्ज भरला नाही, मुलानं अपक्ष भरला, तो निवडून आला, आणि थोरातसाहेबांनी नानाभाऊंबरोबर काम करता येत नाही म्हणून विधिमंडळ पक्षनेतेपद सोडलं. चूक कुणाची हे मला ठरवायचं नाही. दोघंही मोठे आहेत, दोघांचीही बाजू असेल. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकते. हे भांडण मिटवायला प्रभारी मुंबईला आले, नेते दिल्लीला गेले, बैठका झाल्या, आणि खाली संगमनेरच्या किंवा साकोलीच्या एकाही बूथवरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही की बाबा, मिटलं की नाही मिटलं. तो बिचारा दोन वर्षं दोघांच्याही फलकावर फोटो लावत राहिला.

पराभवानंतर तर बोलायलाच नको. नागपूरच्या उमेदवारानं प्रदेशाध्यक्षांवर जाहीर आरोप केले. त्याला नोटीस. राजीनामा दिला की नाही दिला, स्वीकारला की नाही, यावर दोन-अडीच महिने गेले. १३ फेब्रुवारीला हर्षवर्धन सपकाळ यांचं नाव आलं. सपकाळसाहेब, रागावू नका, पण त्या दिवशी माझ्या दुकानात आलेल्या तिघांनी मोबाइलवर तुमचं नाव शोधलं. मला ते वाईट लक्षण वाटलं नाही. म्हटलं, ज्याचा गट नाही असा माणूस आला, बरं झालं. तुमच्यावर माझा अजून विश्वास आहे, म्हणून तर इतकं लिहितोय. पण जुलैत कार्यकारिणी आली आणि मी यादी वाचत बसलो. शंभराच्या वर सरचिटणीस! उपाध्यक्ष किती, चिटणीस किती, मोजायचं सोडून दिलं. कुणी रुसू नये म्हणून सगळ्यांना ताट वाढलं, हे समजतं. आमदार सोळा आणि पंगत एवढी मोठी. वाढपी कोण?

एवढं ताट वाढूनही माणसं उठून चाललीच आहेत. पुण्याचे रवींद्र धंगेकर मार्चमध्ये गेले, ज्यांच्या कसब्याच्या विजयावर आम्ही कोल्हापुरात पेढे वाटले होते. भोरचे संग्राम थोपटे एप्रिलमध्ये गेले. धुळ्याचे कुणाल पाटील जुलैत गेले. अशोकराव चव्हाण तर विधानसभेच्या आधीच गेले होते. प्रत्येक वेळी वरनं एकच वाक्य येतं, गेले ते कावळे. आमच्याकडं म्हातारी माणसं म्हणतात, झाडावरचे पक्षी उडाले तर आधी झाडाकडं बघावं.

भांडणं नवी नाहीत हे मला माहीत आहे. १९७८ साली वसंतदादांचं सरकार घरातनंच पडलं. २००३ ला विलासरावांना उतरवून सुशीलकुमारांना बसवलं. २००८ ला विलासराव गेले आणि अशोकराव आले तेव्हा नारायण राणेसाहेबांनी काय काय ऐकवलं ते अजून लोकांच्या कानात आहे. पण तेव्हा कणगी भरलेली होती. १९९० ला १४१ आमदार, २००९ ला ८२. भावाभावांनी धान्यावरनं भांडावं, पोतं फाटलं तरी खाली सांडलेलं वेचून कार्यकर्ता जगत होता. आता कणगीत १६ दाणे आणि तुम्ही अजून मापावरनं भांडताय. २०१९ ला तुमचाच विरोधी पक्षनेता समोरच्या बाकावर जाऊन मंत्री झाला, तेव्हा तरी माप बाजूला ठेवायला हवं होतं.

माझ्या तक्रारींत मोठी एकच आहे, बाकीच्या तिची पोरं. हरलो कसं, हे तुम्ही आम्हाला विचारलंच नाही. पराभवानंतर निरीक्षक आले होते म्हणे. आमच्या भागात ज्या सभागृहात बैठक ठेवली तिथं मी बूथवार आकड्यांची फाइल घेऊन गेलो होतो. लोकसभेला कुठल्या बूथवर किती, विधानसभेला किती, कुठं बायकांची मतं फिरली, कुठं तरुण पोरं बाहेर पडलीच नाहीत, सगळं पेन्सिलीनं मांडलेलं. व्यासपीठावर अकरा जण बोलले. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव न घेता दुसऱ्यावर खापर फोडलं. मग साहेबांना पुढच्या जिल्ह्यात जायचं होतं. माझी फाइल बघून ते म्हणाले, "छान, व्हॉट्सअ‍ॅप करा." केली. दोन निळ्या खुणा आल्या, त्याही आठ दिवसांनी.

त्या फाइलीत काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही वाचलेलं नाही. लाडकी बहीण. तुम्ही सगळे सभांमधनं महालक्ष्मी योजनेचे तीन हजार सांगत होता. माझ्या घरात बायकोच्या खात्यावर महिन्याचे पंधराशे पडत होते, नोव्हेंबरचेसुद्धा निवडणुकीआधीच जमा झाले. ती म्हणाली, "तुमचे तीन हजार पत्रकावर हायत, त्यांचे पंधराशे पासबुकात हायत." मी तीस वर्षं काँग्रेसचा, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. हे मी सप्टेंबरमध्येच वर कळवलं होतं की बायकांमध्ये हवा फिरतेय. त्या महिन्यात वरच्यांना वेळ नव्हता, जागावाटप चाललं होतं.

दुसरी गोष्ट याद्यांची. लोकसभा ते विधानसभा या पाच महिन्यांत ३९ लाख नावं वाढली असं राहुलजींनी दिल्लीत पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. आयोगानं ते फेटाळलं. खरं-खोटं बघायचा मार्ग एकच, यादी हातात घेऊन दारोदार फिरणं. यादी मी रोज छापतो, मला तिचा वास ओळखू येतो. माझ्या दुकानाशेजारचे मामा वारून दीड वर्ष झालं, त्यांचं नाव यादीत आहे. त्यांच्या घरात भाड्यानं आलेल्या पोराचं नाव तीन गल्ल्या सोडून लागलंय. मामांच्या नावावर हरकत घ्यायची तर सात नंबरचा फॉर्म लागतो, तो भरायला माणूस लागतो, आणि पक्षाचा बूथ लेव्हल एजंट म्हणून त्याची नेमणूक झालेली असली तर काम सोपं होतं. आमच्या भागातल्या किती बूथवर तुमचा एजंट नेमलेला आहे, कागदावर नव्हे, प्रत्यक्ष? निम्म्या ठिकाणी जी नावं दिलीत त्यांतल्या दोघांना मी विचारलं. एकाला माहीतच नव्हतं. दुसरा पुण्याला नोकरीला गेलाय. मतचोरीवर मोर्चा काढा, मी येतो, झेंडाही माझा आणतो. पण मोर्चावरनं परत आल्यावर यादी कोण तपासणार? शंभरावर सरचिटणीस आहेत, एकेकानं दहा बूथ घेतले तरी हजार होतात.

पैशाचं लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. बूथवर सकाळी सहाला जाणाऱ्या पोरांना दुपारचं जेवण वेळेवर पोचत नाही. समोरच्या टेबलावर बिर्याणीची पाकिटं येतात आणि आमची पोरं माझ्या बायकोनं केलेली भाकरी-पिठलं खातात. ती चांगली लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या खेपेला त्यातलं एक पोरगं मला म्हणालं, काका, पुढच्या वेळी मी तिकडं बसू का? चेष्टेत म्हणाला. चेष्टेतच म्हणाला असं मी धरून चालतोय.

आता मागण्या. मोठ्या नाहीत.

२०२४ च्या पराभवाचा अहवाल जाहीर करा, मतदारसंघवार. कुणाला दोष द्यायचा म्हणून नको. उमेदवार कधी ठरला, किती वेळा बदलला, कुणाच्या सांगण्यावरनं बदलला, एवढं तरी तारखेसकट छापा. अहवाल झालाच नसेल तर तसं सांगा, आम्ही खालनं करून देतो.

महापालिकेला, जिल्हा परिषदेला, पंचायत समितीला उमेदवार ठरवताना त्या भागातल्या बूथवाल्यांची बैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त लिहा. एकदा ए-बी फॉर्म दिला की तो बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर ज्यानं बदलला त्यानं त्या गल्लीत येऊन माइकवर कारण सांगावं. आणि कुठल्याही परिस्थितीत मशीनवर हात असला पाहिजे. त्या आज्जीसाठी तरी.

नेत्यांचे आपापसातले वाद असतील, असू देत. ते ज्या दिवशी मिटतील किंवा चिघळतील त्या दिवशी तालुक्याला कळवा. आम्हाला बातमी टीव्हीवरनं कळते आणि त्याच संध्याकाळी लोक दुकानात येऊन विचारतात, तुमचं काय चाललंय? तेव्हा "मलाही आत्ताच कळलं" असं म्हणताना काय वाटतं ते तुमच्यापैकी एकानं माझ्या काउंटरमागं उभं राहून बघावं.

कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं दहा बूथ आपल्या नावावर घ्यावेत आणि ती यादी छापावी. कुणाचे कुठले बूथ, हे लोकांना दिसलं पाहिजे. ज्याला हे जमणार नाही त्यानं पद सोडावं, त्यात अपमान काही नाही. माझ्याकडं पद नसताना माझं सत्तावीस वर्षं अडलं नाही.

आणि मतदार यादीचं काम गणपतीनंतर नको, आत्ता. महापालिकेच्या याद्या विधानसभेच्या यादीवरनंच फोडणार आहेत. प्रारूप यादी लागली की हरकतीला दिवस मोजके मिळतात, आणि ते दिवस आपल्याकडं नेहमी तिकिटाच्या भांडणात जातात.

नानाभाऊ, बाळासाहेब, विजयभाऊ वडेट्टीवार, पृथ्वीराजबाबा, सपकाळसाहेब, तुमच्यातला कोण बरोबर यावर माझं मत आहे, पण ते मी मतदानाला ठेवलंय. कोल्हापूरला कधी आलात तर हॉटेलवर बैठक ठेवू नका. दुकान सकाळी नऊला उघडतं, दुपारी दोन ते चार बंद. बूथची फाइल काउंटरखाली आहे, तिन्ही गठ्ठ्यांच्या वर. येताना यादी वाचता येईल असा एक माणूस बरोबर आणा.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक बूथवाला
कोल्हापूर, ऑगस्ट २०२५